दगडूनानांचं रगत

आमच्या घरात आई आणि दादांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, आणि ते चुलीपाशी सुरू होऊन चुलीपाशीच विझायचं. माणूस मुळात चांगला की मतलबी, हा तो विषय. अर्थात या शब्दांत तो कुणी मांडत नसे. आई परातीत बाजरीचं पीठ मळता मळता म्हणायची, "पाभर नेली ती नेलीच. आजून आली न्हाई." दादा पितळीतल्या शेंगोळ्यांवर फुंकर घालत म्हणायचे, "येईल की. त्याची पेरनी राहिली आसंल." आईचा भाकरीवरचा हात जरा जोरात पडायला लागायचा. "त्याची व्हईल, आन् आपली?" मग थप-थप-थप, आणि त्या तालावर दादांचं ठरलेलं उत्तर, "आगं, मान्सं वाईट नसत्यात. आपल्यावर येळ आली तर हीच मान्सं पळत येत्याल." आणि आईचं ठरलेलं, "येत्याल! ताट वाढून ठिवा म्हंजे येत्याल." यावर दादा मोठ्यानं हसायचे. आईला हसू दाबता यायचं नाही, ती तव्याकडे तोंड करायची. आम्ही पोरं भाकरी येण्याची वाट बघत बसलेलो असायचो. आम्हाला त्या भांडणाची अशी सवय होती की एखाद्या दिवशी ते झालं नाही तर आईला बरं नाही की काय असं वाटायचं.

दादा खरोखरच वाटत सुटलेले होते. कर्जत तालुक्यातलं आमचं गाव म्हणजे काळ्या रानाची एक पट्टी, बाकी माळ. त्या पट्टीत आमची ज्वारी यायची, आणि पौषात कणसं दुधात भरली की दादा अर्ध्या गावाला हुरड्याला बोलवायचे. दुष्काळ यायचा होता अजून, विहिरीला पाणी होतं. रानात आगटी पेटायची, गोवऱ्यांचा आर पडला की त्यात कणसं खुपसायची, भाजलेलं कणीस हातावर चोळून हिरवेगार गरम दाणे पुढ्यात टाकायचे. लसणाची चटणी, दही, गूळ, आणि शेवटी मडक्यातलं ताक. माणसं येत, खात, ढेकर देत, चुलतभाऊ-पाव्हण्यांसाठी फडक्यात बांधून नेत. सगळ्यात पुढे दादांचे जिवलग सोपानतात्या. ते दोघे एका शाळेत एका पाटीवर शिकले, एकाच दिवशी शाळा सोडली आणि त्यानंतर एक दिवस एकमेकांना भेटल्याशिवाय राहिले नाहीत. सोपानतात्या आगटीपाशी बसून म्हणायचे, "शंकर, तुझ्यासाठी जीव दीन म्या." दादा म्हणायचे, "जीव राहू दे, दही घे."

हुरड्याला न बोलवताच येणारे एक गृहस्थ होते, दगडूनाना. आमच्या रानाला लागून त्यांची लिंबाची बाग. दादांपेक्षा वयाने मोठे, अंगाने काटकुळे, आणि हाताने असे घट्ट की गावात त्यांच्या चिकटपणाच्या गोष्टी सांगायला चढाओढ लागायची. कुणी विडीसाठी काडी मागितली तर ते पेटी खिशातच ठेवायचे आणि आपली जळती विडी पुढं करून म्हणायचे, "ह्याच्यावर लाव." बागेत गळून पडलेलं लिंबूसुद्धा आम्हा पोरांना उचलू द्यायचे नाहीत. आमच्या हुरड्याला मात्र चुकता यायचे नाहीत, पोट भरून खायचे आणि उठताना सांगायचे, "शंकर, औंदा चटनीत मीठ जास्त झालंय." आई म्हणायची, गावात एक माणूस खरा आहे, तो नाना. तो मतलबी आहे आणि तसं लपवत नाही.

त्या हिवाळ्यात आमची अक्का, इंदू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, लग्नाआधी घरात सगळ्यात जास्त हसणारी. दाजी पलटणीत, दूर कुठेतरी सरहद्दीवर. अक्का आल्यापासून आमची ओसरी बायकांनी भरलेली असायची. कुणी डिंकाचे लाडू आणायच्या, कुणी पोटाकडे बघून मुलगा की मुलगी ते सांगायच्या, आणि अक्का सगळ्यांना हसायची. मी तेव्हा दहावीत होते. अभ्यासाला बसले की ती पुस्तकात तोंड घालून विचारायची, "मंदे, बाळाचं नाव यात हाय का बघ गं." भूगोलाच्या पुस्तकात नाव शोधत आम्ही दोघी नद्यांवर येऊन थांबलो. गोदावरी जुनं, भीमा फार दांडगं, सीना चालेल. आमच्या भागातली नदी, लहान आणि गोड.

कळा सुरू झाल्या त्या आदल्या दिवशी दुपारी. सुईण जुनी, हाताची चांगली. पण दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी बाळ काही खाली येईना, तेव्हा ती स्वतःच बाहेर येऊन दादांना म्हणाली, "नगरला न्या. माझ्यानं व्हायचं न्हाई." गावात त्या वेळी गाडी म्हणजे एसटीची एक फेरी, आणि ती यायला अवकाश होता. नानांच्या बागेपाशी मात्र एक ट्रक उभा होता. नानांची लिंबं नगरच्या बाजारात जायची होती, गोण्या भरून वर दोर आवळून झाला होता. दादा पळत गेले. मी त्यांच्या मागं. नाना ट्रकभोवती फिरून दोर ओढून बघत होते.

दादा धापा टाकत म्हणाले, "नाना, इंदूला न्यायची हाय. नगरला."

नानांनी दोराकडे बघितलं, मग गोण्यांकडे. "आरं, आत्ता भरून झालाय. जागा कुठंय?" असं म्हणत म्हणत त्यांनी दोर सोडायला सुरुवात केली. तोंडाचा पट्टा चालूच. थंडीत लिंबाला आधीच कुणी विचारत नाही, त्यात उशीर झाला तर बाजार उठेल, पोरं बाळंत करायची ती वेळेवर करावीत, असं काय काय. मधल्या गोण्या दोन्ही बाजूंना रचून त्यांनी खाटेएवढी जागा केली, रिकामी पोती अंथरली, आणि खांद्यावरची आपली घोंगडी काढून त्यावर टाकली. "घोंगडी मला माघारी पायजेल," दादांना बजावून ते केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

आधाराला म्हणून अर्धी आळी ट्रकमध्ये चढली. आई, दादा, मी. माझे धाकटे चुलते बापूकाका, जे तालुक्यात पैलवान म्हणून ओळखले जायचे, रोज बादामाचं दूध प्यायचे आणि ज्यांच्या दंडाला आम्ही पोरं लोंबकळायचो. सोपानतात्या, आणि भावकीतले आणखी काही बाप्ये. त्या प्रवासातल्या मला दोनच गोष्टी आठवतात. लिंबाचा वास, इतका दाट की आजही मला बाळंतपण म्हटलं की तोच वास येतो. आणि अक्का, दोन कळांच्या मध्ये जरा उसंत मिळाली की म्हणायची, "बापूकाका, तुमी रडू नका." बापूकाका मुसमुसून रडत होते.

नगरचा तो मोठा दवाखाना म्हणजे दगडी भिंती, लांब व्हरांडा आणि पुढं कडुलिंबाचं झाड. अक्काला आत नेलं. आम्ही झाडाखाली बसलो. नाना तसेच ट्रकबरोबर बाजारात गेले. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण सावली झाडाच्या दुसऱ्या अंगाला सरकली होती, तेव्हा आतून एक खणखणीत रडणं ऐकू आलं. आमची सगळी मंडळी उभी राहिली. मुलगी झाली होती. सोपानतात्यांनी दादांना मिठी मारली, बापूकाका पुन्हा रडायला लागले. आणि तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातली नर्सबाई बाहेर आली. मार्था तिचं नाव, आमच्याच जिल्ह्यातली, राहुरीकडची. चेहरा हसरा, पण त्या क्षणी हसत नव्हती.

ती म्हणाली, "बाळ छान आहे. पण आईचं रक्त फार गेलंय, अजून जातंय. डॉक्टरीणबाई म्हणतात लगेच रक्त द्यावं लागेल. घरातल्यांपैकी कोण कोण तयार आहे? आधी तपासून बघू, जुळलं तर घेऊ."

आता माझी नात कॉलेजातून रक्त देऊन येते, हातावर चिकटपट्टी लावून, वर बिस्किटाचा पुडा खात. तिला मी हे सांगते तेव्हा ती विचारते, त्यात एवढं काय होतं? तिला कसं समजावू? त्या काळी आमच्याकडे अंगातलं रक्त म्हणजे माणसाचा सगळा ऐवज. एकदा काढलं की ते परत भरत नाही, गडी कायमचा हलका होतो, नांगराला जोर राहत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. सुई, बाटली, काचेची नळी हे आमच्यातल्या कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

दादा आणि आई तिथल्या तिथं उठले. दोघांच्याही बोटाला टोचून बघितलं, दोघांचंही जुळलं नाही. मी हात पुढं केला तर मार्थाबाईंनी तो हळूच खाली केला, "तू अजून लहान आहेस, बाळ." मग दादा बाकीच्यांकडे वळले. काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. त्यांना वाटलं असणार की बोलायची गरजच नाही.

आणि मग ते झालं, जे आठवलं की मला आज हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. भावकीतला एक जण म्हणाला, "माझं रगत लई गरम हाय, पोरीला सोसायचं न्हाई." दुसऱ्याला लघवीला लागली. बापूकाका, "म्या जरा मारुतीला सांगून येतो," असं पुटपुटत फाटकाकडे गेले. आणि सोपानतात्या खाली बघत म्हणाले, "शंकर, जनावरांचं बघून येतो." नगरच्या दवाखान्यात त्यांची जनावरं कुठून येणार होती! पण ते गेले. घटका आधी भरलेली झाडाखालची जागा मोकळी झाली. पायताणं, तंबाखूच्या चंच्या, एक पागोटं तिथंच राहिलं, माणसं नव्हती.

मार्थाबाई म्हणाल्या, "मी भिंगारला निरोप पाठवते. पलटणीतले जवान देतात रक्त. पण वेळ लागेल हो." त्यांच्या आवाजावरून आम्हाला कळलं की तेवढा वेळ अक्काकडे नाही.

दादा व्हरांड्याच्या पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस, पण पोत्यासारखा बसला. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती म्हणणार, बघा, मी काय म्हणत होते. आयुष्यभर ज्या भांडणात ती हरल्यासारखी हसून तोंड फिरवायची, ते तिनं आज जिंकलं होतं. पण ती जाऊन दादांच्या शेजारी बसली, आणि लग्न झाल्यापासून चारचौघांत कधी केलं नसेल ते तिनं केलं. त्यांचा हात हातात घेतला.

अशा वेळी फाटकातून नाना आले. लिंबं विकून झाली होती आणि त्यांना गावी परतायची घाई होती. लांबूनच ओरडले, "शंकर, माझी घोंगडी कुठंय?"

घोंगडी व्हरांड्याच्या कोपऱ्यात पडली होती. नानांनी ती उचलली, उलगडली. रक्तानं भिजलेली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग आमच्याकडे बघितलं, मग झाडाखालच्या बिनमाणसाच्या पायताणांकडे. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. रडत रडत, उलटसुलट, पण सगळं सांगितलं.

नाना मार्थाबाईंपाशी गेले. "रगत दिल्यावर काय देता?"

मार्थाबाई चमकल्या. "काय म्हणजे?"

"फुकट घेता व्हय? कायतरी देत आसाल की."

"दूध देतो, बाबा. आणि उकडलेली अंडी."

"अंडी किती?"

मार्थाबाईंना त्या गडबडीतही हसू फुटलं. "तुम्हाला हवी तितकी. चला आधी."

नाना बंडीची बाही वर सारत आत गेले. जाताना घोंगडी माझ्या अंगावर टाकली, "धर. कुनाला दिऊ नको." थोड्या वेळानं मार्थाबाई दारात आल्या, आणि या वेळी हसत होत्या. जुळलं होतं.

मी दाराच्या फटीतून बघितलं. नाना खाटेवर ताठ पडून छताकडे बघत होते, जणू लिंबाचा भाव ठरवतायत. नळीतून ते गडद लाल रक्त बाटलीत जात होतं. आणि तेवढ्यात बापूकाका मारुतीचा अंगारा लावून परत आले. मला बाजूला सारून त्यांनीही आत डोकावलं. खाटेवर दगडूनाना! गावातला सगळ्यात चिकट, सगळ्यात काटकुळा माणूस! नानांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये पैलवान. म्हातारं झोपलंय, तू हुबा राहून बघ."

बापूकाकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी सदरा काढला, जणू फडात उतरायचं होतं, आणि बोट पुढं केलं. मार्थाबाईंनी टोचलं. बोटावर रक्ताचा थेंब आला. बापूकाकांनी तो बघितला, "आई गं" म्हणाले, आणि तालुक्यातला तो नामांकित पैलवान कुठल्याही डावाशिवाय चितपट झाला. पाणी मारून शुद्धीवर आणलं तोवर त्यांचंही जुळल्याचं कळलं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला तशा मार्थाबाई खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता पडलाच आहात, तर पडून राहा." काका म्हणाले, "घ्या बाई. म्या डोळं मिटतो. झाल्यावर सांगा."

त्या दुपारी त्या खोलीत आईनं पदर तोंडाला लावला तो हसू लपवायला की रडू, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

अक्का वाचली. दोन्ही बाटल्या तिच्या अंगात गेल्या, आणि उन्हं कलताना तिच्या ओठांवर थोडा रंग आला. डोळे उघडून तिनं पहिला प्रश्न विचारला, "मुलगी ना? मग सीना." बाहेर व्हरांड्यात नाना अंडी खात बसले होते. "मीठ न्हाई का?" त्यांनी मार्थाबाईंना विचारलं. बापूकाकांच्या वाटची अंडी पण त्यांनीच खाल्ली, कारण काकांना ती बघवत नव्हती. जाताना मी घोंगडी त्यांच्या हातात दिली तेव्हा ती त्यांनी परत माझ्याकडे दिली. "धून तिच्या अंगावर घाला. थंडी लई हाय हितं." दोन पावलं जाऊन वळले. "पन माघारी पायजेल."

यानंतर नाना अक्काचे मालक असल्यासारखे वागायला लागले. ती गावी परत आली त्या दिवसापासून ते रोज आमच्या ओसरीवर येऊन बसायचे, चहा मागायचे, आणि अक्कानं काय खावं, काय नाही, ते सांगायचे. तिनं जड हंडा उचलला तर ओरडायचे, "ए, खाली ठिव! माझं रगत हाय ते." उन्हात बसली तर, "माझं रगत आटवती काय?" पुढं ती सासरी गेली, तिला आणखी मुलं झाली, तरी ती माहेरी आली की नानांची हजेरी ठरलेली. गावात जो भेटेल त्याला ते ऐकवायचे की इंदू चालते-बोलते ती आपल्यामुळे. आई म्हणायची, "एक बाटली दिली, आन् चहाच्या विहिरी पेला." पण चहा करताना त्यांच्या कपात दूध जास्त घालायची, ते मी बघितलंय.

बऱ्याच वर्षांनी, मी शिक्षिका होऊन सुट्टीत गावी आले असताना, नाना बागेत भेटले. खूप थकले होते. मी त्यांना विचारलंच, "नाना, खरं सांगा. तुम्ही रक्त अंड्यांसाठी दिलंत का?"

"अंडी खाल्ली की," ते म्हणाले. "न्हाई कसं म्हनू?"

"तसं नाही. तिथं आलात तेव्हा मनात काय होतं?"

नानांनी खाली पडलेलं एक लिंबू उचलून खिशात टाकलं. मग म्हणाले, "मनात काय आसनार? पोरगी मरंल आसं वाटलं. घोंगडी बघितली ना म्या. मग वाटलं, फुकट दिलं तर गाव रोज दारात येईल. तुझ्या बापाचं बघ, बिचाऱ्याचं दार कधी मिटलं न्हाई. म्हनून अंडी मागितली. मागून घेतलं म्हंजे बरं आसतं, कुनी उपकार म्हनत न्हाई." आणि वर, "आन् अंडी आवडत्यात मला."

मी अनेकदा विचार केला, हे खरं होतं की नंतर सुचलेलं? माणूस आपल्याबद्दल जे सांगतो ते त्यालाही पुरतं ठाऊक नसतं. पण त्या दिवशी बागेत मला त्याचा उलगडा करावासा वाटला नाही. अक्का जिवंत होती, आणि नानांना चहा हवा होता.

मी फार पुढं गेले. बारशाचं सांगायचं राहिलं, आणि या सगळ्यातली माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट तीच आहे.

नगरहून परतल्यावर दादा बदलले. कुणी दोर मागायला आलं, तर "न्हाई" म्हणाले. हे आमच्या घरात आधी कुणी ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली की बोललं कोण. हुरड्याचे दिवस सरत आले तरी आगटी पेटली नाही. सोपानतात्यांचं नाव दादा काढत नव्हते, आणि तात्याही आमच्या वाटेला फिरकत नव्हते. चुलीपाशीचं भांडण बंद पडलं, कारण आता दोघांचं एकमत होतं, निदान दादांना तसं वाटत होतं.

अक्काला उठाबसायची ताकद आल्यावर बारसं ठरलं. कुणाकुणाला सांगायचं याची बोलणी चालली होती. दादा भिंतीकडे बघत म्हणाले, "जे तिथनं पळाले, त्यांना न्हाई सांगायचं. सोपानला तर न्हाईच."

आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "का?"

"का म्हंजे? तूच म्हनायचीस ना, समदी मतलबी हायती. तुझंच खरं झालं."

"म्हनायची. म्हनून तर मला राग आला न्हाई त्यांचा." आईनं सूप खाली ठेवलं. "मला कधी आसच न्हवती. मान्सं भ्याली, झालं. बापूबी भ्याला. त्यो पडला म्हनून सापडला. भ्यालेल्या मानसाला वाळीत टाकत्यात व्हय?" आणि मग हलक्या आवाजात, "तुमी हुरडा खायला घातला तवा हौसेनं घातला ना? का ह्याच्यासाठी घातला हुता?"

दादा उठून रानात गेले. मी तेव्हा लहान होते, पण काहीतरी मोठं बोललं गेलंय एवढं कळलं. आज वाटतं, दादांच्या त्या भरभरून देण्यात एक बारीकशी आशा होती, आणि ती त्यांनाही माहीत नव्हती. आणि आई, जी रोज ओरडायची, तिनं दिलेलं सगळं आशेशिवायच दिलेलं होतं, कारण शेवटी भाकऱ्या तर तीच थापत होती. पण यावरून दादांचं देणं खोटं होतं असं मला कधीच म्हणावंसं वाटलं नाही. त्यांचं मन दुखलं, कारण मुळात मन होतं.

बारशाच्या दिवशी सकाळपासून घर दणाणलं होतं. बाहेर चुलाणावर पुरणाचं पातेलं, बायकांच्या बांगड्या, पाटावरवंट्याचा घरघराट, ओसरीवर टांगलेला पाळणा. सगळं गाव आलं, तिथनं पळालेलेसुद्धा. आईनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, आणि दादांनी तिला अडवलं नव्हतं. 'गरम रक्तवाले' आले, लघवीला गेलेले आले. बापूकाका पाहुण्यांना आपण कसं रक्त दिलं ते सांगत होते, त्यात पडण्याचा भाग नव्हता. नाना पाळण्याच्या अगदी जवळ बसून बायकांना हळू झोका द्यायला बजावत होते. बाळाचं नाव सीना ठेवलं. बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. सोपानतात्या मात्र आले नाहीत.

पंगत बसायला लागली तशी आईनं मला बाजूला घेतलं. "जा, तात्यांना घिऊन ये."

तात्या त्यांच्या गोठ्यात होते. बैलाच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे. मला बघून म्हणाले, "मंदे, कुठल्या तोंडानं यिऊ गं मी?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं, आईनंच देऊन पाठवलेलं. "आई म्हणाली, हाय त्याच तोंडानं या. जेवायचंच हाय."

तात्यांच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज आला, मग ते हसले, मग उपरण्यानं डोळे पुसले. तोंड धुतलं आणि माझ्या मागं चालायला लागले, सासरी पहिल्यांदा जाणाऱ्या सुनेसारखे, पावलं मोजत.

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा दादा पंगतीत लोटीनं तूप वाढत होते. तात्या कडेच्या पाटावर, अगदी शेवटी बसले, मान खाली घालून. आईनं त्यांच्या ताटात पोळी वाढली. दादा वाढत वाढत पुढे सरकत आले. पंगतीतले हात थांबले होते, नानांचासुद्धा. दादा तात्यांसमोर आले आणि उभे राहिले. तात्यांनी मान वर केली नाही. दादांनी वाकून तुपाची धार पोळीवर धरली. पोळी भिजली. धार चालूच होती. तूप ताटात पसरलं, भाताला लागलं, चटणीकडे निघालं.

"पुरं, शंकर," तात्या म्हणाले. मग मोठ्यानं, "आरं पुरं! पुरं की!"

दादा हसत होते, त्यांचं ते जुनं, मोठं हसू, आणि लोटी वाकडीच होती.